वेचली, असं मी म्हणालो

रानातलं ऑर्किड शोधायचं तर वसंतात नाही, हिवाळ्यात शोधावं, हे कळायला मला तीन वर्षं लागली. फुलं एप्रिलमध्ये येतात, पण पान ऑक्टोबरातच वर आलेलं असतं. एका रोपाला एकच पान. दोन बोटं रुंद, गडद हिरवं, उभ्या चुण्या पडलेलं. फरच्या झाडांच्या गळलेल्या सुयांमध्ये ते जमिनीला चिकटून बसतं आणि सगळा पाऊस अंगावर घेतं. एप्रिलमध्ये फूल शोधणारा माणूस चालताना त्याच्यावर पाय देऊन जातो. म्हणून मी नोव्हेंबरपासूनच जातो, पानं हेरून ठेवतो, आणि वसंतात फक्त त्या जागांवर जाऊन थांबतो.

अमेरिकेतल्या बॉथेल गावात मुलाच्या घरापासून दोन रस्ते ओलांडले की जंगलाची ही पट्टी सुरू होते. फर आणि सीडरची उंच झाडं, खाली गुडघाभर नेचे, मधून एक पायवाट. वाट कुठेही न चुकता दीड तासात परत आणून सोडते. आठवड्यातले पाच दिवस तरी मी तिथे असतो. सकाळी मुलगा रेडमंडला ऑफिसला जातो, सून वरच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये बसते, नात शाळेत. "बाबा, फोन चार्ज आहे ना?" एवढं सून विचारते, आणि मी निघतो.

फोटो काढायची माझी पद्धत ठरलेली आहे. मुलाचा जुना कॅमेरा, त्याला जवळून फोटो काढायची लेन्स, आणि योगासनांची एक चटई, अर्धी कापलेली. फूल जेमतेम वीतभर उंच असतं, त्यामुळे पोटावर झोपल्याशिवाय त्याचा चेहरा दिसत नाही. झोपणं सोपं असतं. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग एखादा पडलेला ओंडका धरायचा, मग एक गुडघा. एकदा मी असाच पालथा पडून श्वास रोखून फोटो काढत होतो, तर कुत्रं फिरवायला आलेली एक बाई लांबून ओरडायला लागली. तिला वाटलं मी गेलो. मी हात वर करून हलवला, तोपर्यंत कुत्र्याने माझा कान चाटून खात्री करून घेतली होती.

पाच जातींची ऑर्किडं मला इथे सापडली आहेत. एकाला पानं नाहीत, हिरवा रंगही नाही, तपकिरी काडीवर ठिपक्यांची फुलं. जमिनीतल्या बुरशीवर ते जगतं. एकाच्या पानांवर पांढरी जाळी विणलेली असते. एक अगदी शुभ्र, देठापासून फुलापर्यंत, जणू त्याच्यात रंग भरायचा राहून गेला. ते आयुष्यात एकदाच दिसलं, जूनमध्ये, एका उतारावर. तासभर त्याच्यापाशी बसलो. फोटो मुलाला पाठवला. त्याचा अंगठा आला. तेव्हा वाटलं, हे आत्ता हाका मारून दाखवावं असं माणूस आपल्याकडे उरलेलं नाही.

पण मी जे शोधतो ते मुख्यतः एकच. जांभळट गुलाबी, खाली पिशवीसारखा ओठ, वर पाच टोकदार पाकळ्यांचा तुरा. इंग्रजीत त्याला परीची सपात म्हणतात. माझी बायको त्याला मोजडी म्हणायची.

तिच्याबद्दल आमच्याकडच्या मराठी लोकांत एक गोष्ट सांगितली जाते. ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे फक्त मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

ह्या वर्षी संक्रांतीच्या कार्यक्रमात मराठी मंडळाने मला माझे फोटो पडद्यावर दाखवायला बोलावलं. मला इथे सगळे ऑर्किडकाका म्हणतात. सूत्रसंचालन करणारी मुलगी नागपूरची, आता मुलगी कसली, दोन मुलांची आई आहे, पण मी तिला नवी नवरी म्हणून पाहिलेलं. तोंडाची फटकळ आणि मनाने चांगली. फोटो संपले, टाळ्या झाल्या, आणि तिने माइक हातात घेतला.

"ह्या घराची गंमत माहितीये का तुम्हाला? काकू फुलं काढायच्या, काका फोटो काढतात!"

हॉलभर हशा पिकला. मीही हसलो. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे, पाटी लागली ना त्यांच्या नावाची!" पुन्हा हशा. मी तिळगूळ हातात घेऊन उभा होतो आणि हसत होतो, हे मला विसरता येत नाही.

पाटीचा किस्सा असा. त्या पायवाटेच्या तोंडाशी एक लाकडी फळा आहे. 'फुलं तोडू नका, इथली काही रोपं दुर्मिळ आहेत', असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं आहे. ती पाटी सात वर्षांपूर्वी लागली. आपल्या लोकांत तिला काकूंची पाटी म्हणतात, कारण त्या वसंतात माझ्या बायकोने जंगलातली फुलं तोडून आणून चैत्रगौरीपुढे मांडली, असं सगळे समजतात. ती फुलं बघितलेल्या पंधरा बायका अजून इथेच आहेत.

फुलं तिने तोडली नव्हती. मी तोडली.

आम्ही दोघं मुलाकडे कायमचे आलो ते मी मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर. मला इंग्रजी वाचता येत होतं, तिला जेमतेम बोलता येत होतं, पण माणसं जोडली ती तिने. दोन घरं सोडून एक अमेरिकन बाई राहते. शाळेत ग्रंथपाल होती, तेव्हाही सत्तरी ओलांडलेली, एकटी. तिच्या अंगणात कॅमेलियाचं मोठं झाड आहे. कॅमेलियाचं फूल पाकळी पाकळी गळत नाही, अख्खं खाली पडतं. एका सकाळी माझी बायको तिच्या कुंपणाबाहेर उभी राहून खाली पडलेल्या फुलांकडे बघत होती, तर त्या बाईने दार उघडून विचारलं, काय हवंय. बायकोने हात जोडले, वर बोट दाखवलं आणि म्हणाली, "गॉड. फ्लॉवर. ओन्ली डाउन वन."

बाईला काय कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून खाली पडलेली फुलं आमची. बदल्यात इकडून चकल्या जायच्या, तिकडून ब्लॅकबेरीचा जॅम यायचा. मग दोघी जंगलात फिरायला जायला लागल्या. एक सावकाश इंग्रजीत बोलायची, दुसरी अर्ध्या मराठीत. मी एकदा विचारलं, "तुम्हाला एकमेकींचं कळतं तरी काय?" तर म्हणाली, "तुमचं माझं चाळीस वर्षं मराठीत चाललंय, तेव्हा कुठे सगळं कळलंय?"

तिकडे गावी रोजच्या पूजेची फुलं मी आणायचो. सकाळी परडी घेऊन निघायचं, ज्याच्या कुंपणाबाहेर फांदी आली त्याची जास्वंद आपली, असा आमच्या गल्लीतला सर्वमान्य कायदा होता. इथे आल्यावर तिने तो कायदा बंद केला. त्या बाईने तिला सांगितलं होतं की ह्या जंगलातलं काहीही तोडायचं नसतं. तिने ते इतकं मनावर घेतलं की जंगलच काय, कुणाच्याही झाडाला हात लावायचा नाही, देवाला फक्त वेचलेलं फूल, असा नेम केला. मी कधी काही घेऊन आलो की पहिला प्रश्न, "वेचली की तोडली?"

एका एप्रिलमध्ये बाईने तिला वाटेपासून आत नेऊन एक जागा दाखवली. पडलेल्या मोठ्या सीडरच्या मागे, उतारावर, मोजड्याच मोजड्या. ती बाई दर वसंतात ती फुलं मोजायची आणि एका वहीत आकडा लिहून ठेवायची. वीस वर्षं. ती जागा तिने कुणालाच दाखवलेली नव्हती. "मोजडी" हा शब्द तेव्हाच जन्माला आला. घरी येऊन बायको मला म्हणाली, "तुम्ही नुसती मोजणी केलीत आयुष्यभर, मी मोजडी बघून आले." आणि दोन दिवसांनी, राहवलं नाही म्हणून, मला गुपचूप तिथे घेऊन गेली. "तिला सांगू नका हं," म्हणाली. "तुम्ही काही बाहेरचे नाही."

पुढच्या वर्षी तिने चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायचं ठरवलं. ओळखीच्या पंधरा जणींना बोलावलं, आणि पहिल्यांदाच त्या बाईलाही. कैरी इंडियन स्टोअरमधून आणली, वाटली डाळ झाली, पन्हं झालं. गौरीसाठी मुलाने छोटा झोपाळा ऑनलाइन मागवला. फुलांचं मात्र फसलं. आठवडाभर पाऊस लागून राहिला आणि कॅमेलियाची फुलं पडल्या जागी कुजून तपकिरी झाली. दुकानातली कार्नेशन मी आणून दिली होती. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "ही फुलं नव्हेत, सामान आहे." सहज म्हणाली, ओट्यापाशी डाळ ढवळत. पण तिचा चेहरा पडलेला मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबल्यावर मी स्टीलचा डबा घेऊन जंगलात गेलो. पडलेली काही फुलं मिळतात का पाहू, असंच म्हणत गेलो होतो. ते खरंही असेल. पण पाय सरळ त्या सीडरच्या मागे गेले.

चौतीस होती. मोजणीची सवय, आपोआप मोजली गेली. मी वाकलो, देठ बोटांत धरला आणि हलकेच ओढला. जरासाही जोर लागला नाही. जास्वंद तोडताना जो कट् असा आवाज येतो तोही नाही. मी अकरा घेतली. एकाआड एक घेतली, म्हणजे जागा उघडी दिसू नये. ह्या एकाआड एकमुळे मला नंतर कधी स्वतःला सांगता आलं नाही की ते नकळत झालं.

घरी डबा उघडल्यावर ती नुसती बघत राहिली.

"वेचली की तोडली?"

"वेचली," मी म्हणालो. "काल वारा केवढा होता. सगळी आडवी झालीयेत."

"अरेरे," ती म्हणाली. फुलांसाठी म्हणाली. मग तिने ती पाण्याने हलकेच धुतली आणि गौरीच्या झोपाळ्यापुढे चांदीच्या ताटलीत मांडली. मधे एक, भोवती दहा.

वेचणं आणि तोडणं ह्यांत मराठीत किती अंतर आहे. पारिजातक आपण वेचतो, बकुळ वेचतो, झाडाने दिलेलं उचलतो. तो एक शब्द मी खोटा वापरला, आणि तिच्या नेमाला माझ्या हाताने छेद दिला.

दुपारी बायका जमल्या. बाई आली ती निळा झगा घालून, हातात जॅमची बरणी. माझ्या बायकोने तिला गौरीसमोर नेऊन बसवलं, कपाळाला हळदीकुंकू लावलं. मी स्वयंपाकघराच्या दारात पन्ह्याचे पेले भरत होतो, तिथून सगळं दिसत होतं. बाईची नजर ताटलीवर गेली. ती बराच वेळ हलली नाही. मग तिने एक फूल उचललं, उलटं केलं, आणि देठाच्या टोकाला बघितलं. मक्याच्या दाण्याएवढा पांढरा कंद त्याला लोंबत होता. मी तो पाहिला नव्हता. माझ्या बायकोने पाहिला असला तरी त्याचा अर्थ तिला कळण्याचं कारण नव्हतं.

"हे कुठून आणलं?" बाईने विचारलं.

बायको हसून म्हणाली, "अवर प्लेस! विंड. ऑल डाउन. आय टेक फ्रॉम ग्राउंड." 'आय' म्हणाली. आमच्या घरचं सगळं ती 'आय' म्हणूनच सांगायची.

"ही फुलं अशी पडत नाहीत," बाई सावकाश म्हणाली.

"येस, येस," बायको म्हणाली. "डाउन."

बाजूला बसलेल्या दोघीतिघींना इंग्रजी चांगलं कळत होतं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. बाईने डाळीचा एक चमचा खाल्ला, वाटी खाली ठेवली आणि उठली. जाताना माझ्या शेजारून गेली. तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. मला तर इंग्रजी येत होतं. माझ्या हातात पेला होता, तो मी तिच्यापुढे केला. तिने मान हलवली आणि दार लावून निघून गेली.

महिन्याभरात पाटी लागली. पंधरा घरी किस्सा पोचला.

बाई पुन्हा आली नाही. माझी बायको तिच्याकडे डबा घेऊन गेली, बेल वाजवली, परत आली. चार वेळा गेली. मग एक दिवस स्वतःच कारण शोधून मला म्हणाली, "माझंच चुकलं. न विचारता तिच्या कपाळाला हात लावला. त्यांच्या धर्मात चालत नसेल." मी म्हणालो, "असेल." हे 'असेल' त्या 'वेचली'पेक्षा वाईट होतं. पहिलं घाईत तोंडून गेलं होतं, हे मी विचार करून म्हणालो. त्यानंतर तिने कुठल्याच परक्या बाईला कुंकू लावलं नाही. फिरायला जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणायची. दुखतही असतील. खिडकीतून कॅमेलिया दिसायचा. वसंतात तो फुलायचा, फुलं खाली पडून तशीच राहायची.

चार वर्षांपूर्वी ती गेली. आजार तीन महिन्यांचा होता. त्या तीन महिन्यांत आम्ही दोघं तासन्‌तास एका खोलीत होतो, बोलायला दुसरं काही नव्हतं. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगू. सांगितलं नाही. तिला त्रास होईल, असं स्वतःला समजावत होतो. त्रास मला झाला असता.

ती गेल्यावर मी कॅमेरा घेतला. लोकांना वाटलं, काकांनी मन रमवलं. मी पुस्तकं आणून वाचली, तेव्हा कळलं की ह्या फुलाचा देठ ओढला की केसासारखी मुळं तुटतात आणि बहुतेक वेळा रोपच मरतं. त्या उतारावर मी दर वर्षी जाऊन मोजतो. पहिल्या वर्षी चौदा होती, नंतर सतरा, मग अकरा. कमी का झाली, जास्त का झाली, खात्रीने सांगता येत नाही. जी आहेत त्यांच्यासमोर पोटावर झोपून मी फोटो काढतो. ह्याने काय भरून निघणार, हे मला माहीत आहे. तरी जातो.

संक्रांतीच्या त्या हशानंतर दोन महिने मी झोपेत आणि जागेपणी तो ऐकला. मग मार्चमधल्या एका दुपारी बाईच्या दारात गेलो. आता ती वॉकर घेऊन चालते. तिने मला ओळखलं. आत घेतलं, पण बस म्हणाली नाही. माझ्या हातात फोटोंचं पाकीट होतं.

मी इंग्रजीत सगळं सांगितलं. तयारी करून गेलो होतो, तरी क्रम चुकला. अकरा फुलं, डबा, वेचली ह्या शब्दाचा अर्थ. माझ्या बायकोला काहीच ठाऊक नव्हतं, तिने तुम्हाला जे सांगितलं ते तिला खरं वाटत होतं, हे मी दोनदा सांगितलं.

बाई वॉकरच्या दांड्यांवर हात ठेवून उभी होती.

"ती चार वेळा आली होती," ती म्हणाली. "मी दाराच्या ह्या बाजूला उभी होते. खालच्या फटीतून मला तिच्या साडीची किनार दिसायची, आणि तिचे ते पांढरे बूट."



"तिला काय वाटलं? मी का येत नाही म्हणून?"

"कुंकवामुळे. तिने तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावला म्हणून."

तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "सात वर्षं मला वाटत होतं की माझी बाजू खरी आहे. एकटीच्या घरात माणसाला तेवढं पुरतं. ते तू आज घेऊन चाललायस."

"आय अ‍ॅम सॉरी," मी म्हणालो.

"मला सांगून काय उपयोग? मी एक होते. त्या खोलीत बाकीच्या किती जणी होत्या?"

"पंधरा."

"मग त्यांना सांग."

मी पाकीट टेबलावर ठेवायला गेलो, तर म्हणाली, "ते घेऊन जा."

एप्रिलमध्ये त्या नागपूरच्या मुलीच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषांचं काम नसतं. मी तिला फोन करून पाच मिनिटं मागितली. "या ना काका, फोटो दाखवणार का? मी स्क्रीन लावते," ती म्हणाली. मी म्हटलं, स्क्रीन नको.

तिथे मी उभा राहून सांगितलं. त्या पंधरांपैकी नऊ जणी होत्या, बाकी नव्या. मराठीत सांगणं इंग्रजीपेक्षा कठीण गेलं, कारण इथे 'वेचली' ह्या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.  सांगून झाल्यावर एक वयस्कर बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो. किती वर्षं झाली. फुलंच ती." दुसरीने लगबगीने पन्ह्याचा पेला आणून दिला. "घ्या काका, बसा." एक तरुण मुलगी तिसरीला हळूच विचारत होती, "व्हॉट हॅपन्ड? हू इज काकू?" इतक्या सहज मला सोडून दिलं त्यांनी. मला वाटलं होतं कुणीतरी रागावेल.

परत सोडायला ती नागपूरची मुलगीच आली. घरच्या पाहुण्या बायका तशाच टाकून आली.  गाडीत ती गप्प बसलेली मी प्रथमच पाहत होतो.

सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "काका, एक विचारू? मी काकूंची पण चेष्टा केली होती एकदा. त्या होत्या तेव्हा. दिवाळीच्या कार्यक्रमात. मी म्हटलं, काय काकू, यंदा फुलं तोडायला गेल्या नाही का जंगलात? पाटी वाट बघते ना तुमची."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की तिच्या तोंडावर कधी कुणी काही म्हटलेलं नाही.

"मग?" मी विचारलं. "ती काय म्हणाली?"

"हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे फुलं आणायचं खातं ह्यांच्याकडे आहे."

हिरवा दिवा लागला. ती गाडी चालवायला लागली. रस्ताभर मी ते वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकत होतो. एका बाजूने ती साधी घरातली गोष्ट आहे. चेष्टा न कळता, कुणीही बायको नवऱ्याबद्दल बोलते तशी. दुसऱ्या बाजूने तिला सगळं ठाऊक होतं. कुणी केलं तेही, लोक काय म्हणतात तेही. आणि तरी तिने ते एवढ्यावरच सोडून दिलं, त्या तीन महिन्यांतही मला काही विचारलं नाही.

"काका, त्यांना कळलं नसेल ना मी काय म्हणत होते?" घराच्या दारात गाडी थांबवून मुलीने विचारलं. तिचे डोळे भरले होते. तिला 'नाही' ऐकायचं होतं, आणि 'नाही' म्हणणं अगदी सोपं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मी सीटचा पट्टा सोडायचा विसरून तसाच बसून राहिलो. तिने घाई केली नाही, गाडी बंद केली.